परदेशगमन आणि लसीकरण : लस कोठे टोचून घ्यावी?

(परदेशी जाणारे विद्यार्थी, तंत्रज्ञ, यात्रेकरू व पर्यटक यांच्या मार्गदर्शन मेळाव्यात एका सार्वजनिक आरोग्यतज्ज्ञाने केलेल्या भाषणाचा मजकूर.)

परदेशी जाण्याचे निश्चित झाले की घरात मोठी लगबग सुरू होते. पारपत्र, व्हिसा, तिकीट, परकीय चलन, गरम कपडे, फराळाचे डबे अशी एक लांबलचक यादी तयार होते. या यादीत लसीचे नाव बहुधा अगदी शेवटी येते, आणि तेही कोणी तरी आठवण करून दिल्यावरच. मग धावपळ सुरू होते. कोणी शेजारच्या दवाखान्यात जातो, कोणी औषधाच्या दुकानात चौकशी करतो, तर कोणी सर्व भार प्रवास कंपनीवर टाकून मोकळा होतो. या घाईत जो प्रश्न सर्वांत आधी विचारावयास हवा, तोच मागे पडतो. तो प्रश्न असा की, ही लस मी नेमकी कोठे घ्यावी?

वरवर पाहता हा प्रश्न किरकोळ वाटेल. सुई तीच, औषध तेच. मग जागेचे एवढे महत्त्व ते काय, असे कोणी म्हणेल. परंतु वस्तुस्थिती तशी नाही. काही लसींच्या बाबतीत जागा शासनाने नेमून दिलेली असते आणि अन्यत्र घेतलेल्या लसीचे प्रमाणपत्र ग्राह्य धरले जात नाही. काही लसी विशिष्ट यात्रेसाठी लागतात आणि त्यांची सोय त्या यात्रेच्या व्यवस्थेतच केलेली असते. उरलेल्या लसी कोठेही मिळतात. तेथे मात्र जागेची पारख आपली आपणच करावयाची असते. हे तीन प्रकार ध्यानात ठेवले, म्हणजे पुष्कळसा घोटाळा टळेल. आज मी याच क्रमाने आपणाशी बोलणार आहे.

प्रमाणपत्रामागील इतिहास

प्रवाशाकडे लसीचा दाखला मागण्याची पद्धत मुळात का सुरू झाली, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. रोग माणसाबरोबर प्रवास करतो, हा अनुभव जगाला फार पूर्वीपासून आहे. आणि या इतिहासात आपल्या मुंबईचेही एक पान आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उद्‌भवली. मुंबई हे मोठे बंदर असल्यामुळे साऱ्या जगाला धास्ती वाटू लागली. १८९७ मध्ये व्हेनिस येथे जी आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली, तिचा विषयच प्लेग हा होता. त्याच वर्षाच्या जानेवारीत डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्या नावाने आजही उभी आहे. एके काळी आपल्या बंदरातून निघालेल्या प्रवाशाकडे जग संशयाने पाहत होते, ही गोष्ट आपण विसरू नये. आपणाकडे आज जेव्हा दाखला मागितला जातो, तेव्हा त्यात अपमान नाही. एका देशाने दुसऱ्या देशाच्या आरोग्याची राखलेली ती बूज आहे.

आपल्यातील वडीलधाऱ्यांना देवीच्या आणि पटकीच्या दाखल्यांची आठवण असेल. देवी रोगाचे जगातून उच्चाटन झाल्याची घोषणा जागतिक आरोग्य परिषदेने मे १९८० मध्ये केली आणि तो दाखला इतिहासजमा झाला. पटकीच्या दाखल्याची आंतरराष्ट्रीय नियमांतील अट त्यापूर्वीच, १९७३ मध्ये, काढून टाकण्यात आली होती. आज जे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम लागू आहेत ते २००५ मध्ये संमत झाले आणि २००७ पासून अमलात आले. त्यांत प्रवाशाकडून लसीचा दाखला मागण्यासाठी ज्या रोगाचे नाव घालून दिलेले आहे, तो रोग म्हणजे पीतज्वर, अर्थात यलो फीव्हर.

पीतज्वर : भारत इतका दक्ष का?

पीतज्वर हा विषाणूजन्य रोग आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका या खंडांतील अनेक देशांत आढळतो. डासांमार्फत तो माणसाला होतो. बहुसंख्य रोगी ताप, अंगदुखी, ओकाऱ्या होऊन काही दिवसांत बरे होतात. परंतु थोड्यांच्या बाबतीत रोग उलटतो, कावीळ होते, रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. या अवस्थेला पोहोचलेल्यांपैकी सुमारे निम्मे रोगी दगावतात. या रोगावर विषाणूचा नाश करणारे खात्रीचे औषध नाही. जे काही आहे ते म्हणजे लस. मॅक्स थायलर या शास्त्रज्ञाने १९३७ च्या सुमारास सिद्ध केलेली ‘१७ डी’ नावाची लस आजही वापरात असून, या कार्याबद्दल त्यांना १९५१ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. लसीची एकच मात्रा पुरते.

आता कोणी विचारील की, भारतात पीतज्वर नाही, मग आपले शासन याबाबत इतके दक्ष का? उत्तर याच वाक्यात आहे. तो नाही, म्हणूनच. पीतज्वराचा प्रसार करणारा एडिस इजिप्ती हा डास आपल्या घरातील पाण्याच्या पिंपात, कुंडीखालच्या ताटलीत, गच्चीवरच्या टाकीत आणि टाकून दिलेल्या टायरमध्ये सुखाने वाढतो. डेंग्यू पसरविणारा डास तो हाच. म्हणजे रोगाला लागणारे वाहन आपल्या दारात उभे आहे. त्यात बसणारा विषाणू तेवढा अद्याप आलेला नाही. आपल्या लोकसंख्येपैकी फारच थोड्यांनी ही लस घेतलेली आहे. अशा देशात एक रुग्ण आला आणि त्याला येथील डास चावले, तर काय अनर्थ ओढवेल याची कल्पना करवत नाही.

ही भीती काल्पनिक नाही. २०१६ मध्ये अंगोलात पीतज्वराची मोठी साथ आली. तेथे गेलेल्या ११ प्रवाशांनी हा रोग आपल्याबरोबर चीनमध्ये आणला. आशिया खंडात पीतज्वराचे रुग्ण आढळल्याची ती पहिलीच नोंद होय. सुदैवाने तेथे रोग पसरला नाही. मात्र साऱ्या आशियाला त्या घटनेने सावध केले. आज आफ्रिकेत रस्ते, वीजप्रकल्प, कारखाने यांच्या कामांवर भारतीय अभियंते आणि कारागीर आहेत, आणि पर्यटक केनियातील अभयारण्ये पाहण्यासाठी जात असतात. कोकण आणि गोव्यातील कित्येक घरांतील मुलगे जहाजांवर नोकरी करतात. त्यांच्यापैकी प्रत्येक जण परत येताना या देशाच्या दारातून येतो. म्हणूनच पीतज्वराच्या क्षेत्रातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात पोहोचलेल्या आणि वैध प्रमाणपत्र नसलेल्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलग ठेवण्याची तरतूद आपल्याकडे आहे.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. जाताना त्या देशाने दाखला मागितला की नाही, एवढ्यावरून लसीची गरज ठरवू नये. घाना, युगांडा, अंगोला यांसारखे देश येणाऱ्या प्रत्येकाकडे दाखला मागतात. काही देश केवळ पीतज्वराच्या क्षेत्रातून येणाऱ्याकडेच मागतात. परंतु परतताना आपला स्वतःचा विमानतळ तो मागणारच. आदिस अबाबा किंवा नैरोबी येथे केवळ विमान बदलावयाचे असले, तरी त्याबाबतचा नियम तिकीट काढतानाच विचारून घ्यावा.

नेमून दिलेली केंद्रे

पीतज्वराच्या लसीसाठी केंद्र शासनाने देशात ठराविक केंद्रे नेमलेली आहेत. त्यांच्या अधिकृत शिक्क्याविना दिलेले प्रमाणपत्र ग्राह्य होत नाही. मुंबईत बंदर आरोग्य संघटना आणि विमानतळ आरोग्य संघटना या केंद्र शासनाच्या कार्यालयांत ही सोय आहे. गोव्यात मुरगाव बंदराच्या आरोग्य संघटनेकडे ती आहे. याखेरीज काही रुग्णालये व वैद्यकीय महाविद्यालयेही यादीत आहेत. ही यादी वेळोवेळी बदलते. म्हणून ऐकीव माहितीवर न विसंबता केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्रालयाची अद्ययावत यादी पाहावी आणि केंद्राला दूरध्वनी करून दिवस, वेळ व शुल्क यांची खात्री करून घ्यावी. दवाखाना किती चकचकीत आहे किंवा डॉक्टरांच्या नावापुढे किती पदव्या आहेत, याला येथे महत्त्व नाही. यादीत नाव आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे.

केंद्रे इतकी थोडी का, आणि तेथे आधी नाव का नोंदवावे लागते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. तिचे कारण समजले म्हणजे राग निवळतो. ही लस जिवंत परंतु दुर्बल केलेल्या विषाणूची असते. ती कोंबडीच्या अंड्यातील गर्भावर वाढवितात आणि हे काम वेळखाऊ असते. जागतिक आरोग्य संघटनेने पूर्वमान्यता दिलेले तिचे उत्पादक जगात मोजकेच आहेत. फ्रान्स, ब्राझील, रशिया आणि सेनेगल या देशांत ते आहेत. २०१६ च्या साथीत लसीचा इतका तुटवडा पडला की काँगोतील किन्शासा शहरात एका मात्रेचे पाच भाग करून लोकांना लस द्यावी लागली. शिवाय ही लस कोरड्या भुकटीच्या रूपात येते आणि एका कुपीत बहुधा अनेक मात्रा असतात. द्रावण मिसळले की ती सहा तासांच्या आत वापरावी लागते. उरलेली टाकून द्यावी लागते. एकट्यासाठी कुपी फोडली तर बाकीच्या मात्रा वाया जातात. यास्तव केंद्रे ठराविक दिवशी, ठराविक माणसांना एकत्र बोलावितात. नाशिक, सोलापूर किंवा रत्नागिरीहून मुंबईस येणाऱ्याने नोंदणी न करता येऊ नये, ते याच कारणासाठी.

प्रमाणपत्र तेथेच वाचून घ्या

लस टोचल्यानंतर मिळणारी पिवळी पुस्तिका म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र होय. ती खिशात घालण्यापूर्वी केंद्रातच नीट वाचावी. नाव पारपत्राप्रमाणेच लिहिलेले आहे ना? जन्मतारीख आणि पारपत्राचा क्रमांक बरोबर आहे ना? लसीच्या उत्पादकाचे नाव व तुकडी क्रमांक लिहिला आहे ना? डॉक्टरांची सही, केंद्राचा शिक्का आणि आपली स्वतःची सही आहे ना? तारखेतील महिना अंकात न लिहिता अक्षरात लिहावयाचा असतो, कारण दिवस आधी की महिना आधी याबाबत देशोदेशींच्या रीती भिन्न आहेत. खाडाखोड किंवा अपुरी नोंद यामुळे प्रमाणपत्र अवैध ठरू शकते. प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र प्रमाणपत्र लागते. लहान मुलाच्या वतीने आईने किंवा वडिलांनी सही करावी.

प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होते. शुक्रवारी लस आणि रविवारी विमान, असा बेत येथे चालत नाही. पूर्वी त्याची मुदत दहा वर्षे असे. ११ जुलै २०१६ पासून ते त्या व्यक्तीच्या आयुष्यभरासाठी वैध मानण्यात येते. जुन्या पुस्तिकेवर दहा वर्षांची मुदत लिहिलेली असली, तरी तिलाही हाच नियम लागू आहे. तेव्हा जहाजावर नोकरी केलेल्यांनी आणि पूर्वी आफ्रिकेत जाऊन आलेल्यांनी जुनी पुस्तिका शोधून काढावी आणि जपून ठेवावी.

मध्यस्थांचा मार्ग

मी येथे एका अप्रिय विषयाला हात घालणार आहे. लस न टोचताच पिवळी पुस्तिका मिळवून देणारे मध्यस्थ असतात. घाईत असलेल्या माणसाला ते बरोबर हेरतात. नोकरीच्या ठिकाणी रुजू होण्याची तारीख जवळ आलेली असते, केंद्राची पुढची तारीख दूर असते, आणि थोड्या पैशांत काम होते असे कोणी तरी कानात सांगते. हा मार्ग पत्करणाऱ्याने आपण काय करीत आहोत याचा शांतपणे विचार करावा. बनावट शिक्का एखाद्या वेळी अधिकाऱ्याच्या डोळ्यांत धूळ फेकील; परंतु डासाला शिक्का वाचता येत नाही. लस न घेता अंगोलाच्या किंवा काँगोच्या भूमीवर पाऊल ठेवणारा तरुण केवळ स्वतःचा जीव पणाला लावीत नाही. तो परत येतो तेव्हा त्याच्या रक्तातून काय येईल, याची जोखीम त्याच्या घरातील, वस्तीतील, गावातील प्रत्येकाच्या माथी तो मारतो. शिवाय बनावट दस्तऐवज बाळगणे हा गुन्हा आहे, तो वेगळाच.

म्हणून मध्यस्थाला एकच कसोटी लावावी. जो तुम्हाला केंद्रात नेऊन दंडावर लस टोचून देत नाही, त्याच्याकडून कोणताही कागद घेऊ नये.

ज्यांना ही लस चालत नाही त्यांनी काय करावे?

पीतज्वराची लस जिवंत विषाणूची असल्यामुळे ती सर्वांना देता येत नाही. सहा महिन्यांखालील बालकाला ती देत नाहीत; सर्वसामान्यपणे नऊ महिने पूर्ण झाल्यावरच देतात. ज्यांना अंड्याची तीव्र अॅलर्जी आहे, ज्यांची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधांनी खालावली आहे, ज्यांना थायमस ग्रंथीचा विकार आहे, त्यांना ती वर्ज्य होय. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता आणि साठीच्या पुढील व्यक्ती यांच्या बाबतीत लाभ आणि जोखीम तोलून निर्णय घ्यावा लागतो. अशांनी आपल्या आजाराची आणि औषधांची माहिती केंद्रातील डॉक्टरांपासून लपवू नये. लस देणे योग्य नसल्यास डॉक्टर तसे कारणांसह लेखी देतात आणि आंतरराष्ट्रीय नियमांत अशा पत्राची दखल घेण्याची तरतूद आहे. तथापि पत्राने कागदाची अडचण सुटते, रोगाची नाही. अशा व्यक्तीने तो प्रवास अत्यावश्यक आहे का, याचाच पुन्हा विचार करावा.

हज आणि उमरा

आता दुसरा प्रकार, म्हणजे यात्रेच्या व्यवस्थेतच सोय असलेल्या लसी. हज यात्रेत जगातील लक्षावधी माणसे थोड्या जागेत, थोड्या दिवसांसाठी एकत्र येतात. अशा गर्दीत मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा मेनिंगोकोकल मेंदूज्वर झपाट्याने पसरू शकतो. १९८७ मध्ये आणि पुन्हा २००० मध्ये यात्रेकरूंमध्ये या रोगाच्या साथी उद्‌भवल्या आणि परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर रोग अन्य देशांतही गेला. म्हणून हज आणि उमरा या दोन्हींसाठी सौदी अरेबियाने चार प्रकारच्या जंतूंपासून संरक्षण देणारी लस अनिवार्य केली आहे. ती तेथे पोहोचण्यापूर्वी किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी. लसीच्या प्रकारानुसार प्रमाणपत्र तीन किंवा पाच वर्षे वैध असते. तेव्हा कोणता प्रकार दिला याची नोंद कार्डावर करून घ्यावी.

हज समितीमार्फत जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी शासकीय आरोग्य यंत्रणेच्या साहाय्याने लसीकरणाची शिबिरे भरविली जातात. ज्यांना ही सोय आहे त्यांनी ती सोडून अन्यत्र जाण्याचे कारण नाही. कारण तेथे वैद्यकीय तपासणी, लस आणि नोंद ही तिन्ही कामे यात्रेच्या नियमांप्रमाणे एकत्र होतात. खासगी प्रवास कंपनीमार्फत किंवा उमरा यात्रेसाठी स्वतंत्रपणे जाणाऱ्यांनी मात्र लस कोठे मिळेल व कोणाचे प्रमाणपत्र चालेल, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे.

याच प्रकारात पोलिओच्या लसीचा उल्लेख केला पाहिजे. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. मोठ्या कष्टाने मिळविलेले हे यश टिकविण्यासाठी भारताने २०१४ मध्ये पोलिओग्रस्त देशांशी ये-जा करणाऱ्या प्रवाशांवर लसीची अट घातली. निघण्यापूर्वी किमान चार आठवडे ती घ्यावयाची असते. प्रौढांनाही ती लागू आहे. पोलिओ म्हणजे बालकांचे दोन थेंब, असे समजून ती टाळू नये. देशांची यादी बदलत असल्याने आपण जाणार त्या देशाचे नाव तीत आहे किंवा कसे, हे आधी पाहावे.

उच्च शिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी

तिसरा प्रकार म्हणजे जेथे जागा आपण निवडावयाची, त्या लसी. यांची गरज सर्वाधिक भासते ती विद्यार्थ्यांना. अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठे प्रवेशाबरोबर लसीकरणाचा एक तक्ता पाठवितात. तो भरून व डॉक्टरांची सही घेऊन परत पाठवावा लागतो. त्यात गोवर, गालगुंड आणि रुबेला यांवरील एमएमआर या संयुक्त लसीच्या दोन मात्रा बहुधा मागितल्या जातात आणि त्यांत किमान २८ दिवसांचे अंतर असावे लागते. येथे आपल्याकडील पुष्कळ विद्यार्थी अडतात. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात लहानपणी मिळालेली लस गोवराची, किंवा २०१७ पासून गोवर-रुबेलाची असते. तीत गालगुंडाचा अंतर्भाव नसतो. त्यामुळे ‘सर्व लसी दिल्या आहेत’ असे पालक म्हणतात ते खरे असूनही तक्ता अपुरा राहतो. दोन मात्रांसाठी एक महिना लागतो, हे गणित आधीच मांडून ठेवावे.

टेक्सससारख्या राज्यात तरुण विद्यार्थ्यांना मेंदूज्वराची लसही महाविद्यालयात दाखल होण्यापूर्वी दहा दिवस घ्यावी लागते. अनेक ठिकाणी क्षयरोगाची तपासणी मागतात. लहानपणी बीसीजी घेतलेल्यांची कातडीवरील चाचणी रोग नसतानाही सकारात्मक येऊ शकते. म्हणून रक्ताची चाचणी चालेल का, हे विद्यापीठाला विचारावे. एमएमआर लसीमुळे या चाचणीच्या निष्कर्षावर परिणाम होऊ शकतो. तेव्हा दोन्ही गोष्टी एकाच दिवशी कराव्यात, अथवा मध्ये चार आठवडे जाऊ द्यावेत. लहानपणचे कार्ड हरवले असल्यास रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी करून प्रतिकारशक्ती सिद्ध करता येते, किंवा लस पुन्हा घेता येते.

विद्यार्थ्यांसाठी सर्वांत योग्य जागा कोणती? माझ्या मते, ज्या बालरोगतज्ज्ञाकडे किंवा कुटुंबाच्या डॉक्टरांकडे त्यांची लहानपणची नोंद आहे, ती. जुन्या नोंदी पाहून काय झाले आणि काय राहिले हे ते सांगू शकतात, आणि अनावश्यक लस टळते.

इतर लसी आणि हिवतापाचा इशारा

विषमज्वर, ‘अ’ प्रकारची कावीळ, ‘ब’ प्रकारची कावीळ, धनुर्वात, अलर्क रोग यांवरील लसी देश, मुक्काम आणि कामाचे स्वरूप पाहून ठरवाव्यात. तारांकित हॉटेलात पाच दिवस राहणारा पर्यटक आणि खेड्यात दोन वर्षे पूल बांधणारा अभियंता यांची गरज एक असू शकत नाही. डॉक्टरांना केवळ देशाचे नाव सांगून भागत नाही. गाव कोणते, ऋतू कोणता, राहणे कोठे, काम कोणते, हे सर्व सांगितले पाहिजे.

आफ्रिकेत जाणाऱ्यांना एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. पीतज्वराची लस घेतली म्हणजे आपण तेथील तापांपासून सुरक्षित झालो, असा समज घातक आहे. हिवताप तेथे फार मोठ्या प्रमाणावर आहे. हिवतापाच्या लसी अलीकडे निघाल्या आहेत. त्यांपैकी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये शिफारस केलेली एक लस आपल्या पुण्यातच तयार होते. परंतु त्या हिवतापग्रस्त प्रदेशातील बालकांसाठी आहेत, प्रवाशांसाठी नाहीत. प्रवाशाने डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात. त्या निघण्यापूर्वी सुरू करून परतल्यानंतरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत चालू ठेवावयाच्या असतात. परतल्यावर ताप आला, तर कोठे जाऊन आलो हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगावे.

जागेची पारख

जेथे निवड आपली आहे, तेथे ती कशावरून करावी? चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, लस ठेवण्याची व्यवस्था. बहुतेक लसी दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. कारखान्यापासून आपल्या दंडापर्यंत ही शीतसाखळी कोठेही तुटता कामा नये. शीतकपाटाच्या तापमानाची नोंद ठेवता का, वीज गेल्यास काय करता, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. औषधाच्या दुकानातून लस घेऊन ती पिशवीत घालून उन्हातून दवाखान्यात नेणे टाळावे. शासकीय पुरवठ्यातील कुपीवर एक वर्तुळ व त्यात एक चौकोन असतो. चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असेल तोवरच लस वापरण्यास योग्य असते.

दुसरी, नोंद. लसीचे नाव, उत्पादक, तुकडी क्रमांक, मुदत संपण्याची तारीख आणि लस दिल्याची तारीख सही-शिक्क्यानिशी लिहून मिळाली पाहिजे. जो दवाखाना केवळ पैशांची पावती देतो, तो या कामासाठी उपयोगाचा नाही.

तिसरी, विचारपूस. लस टोचण्यापूर्वी आजार, औषधे, अॅलर्जी, गर्भावस्था आणि प्रवासाचा मार्ग यांविषयी जेथे प्रश्न विचारतात, ती जागा चांगली. लस घेतल्यावर अर्धा तास थांबवून घेतात आणि तीव्र प्रतिक्रिया आल्यास लागणारी औषधे हाताशी ठेवतात, हेही पाहावे.

चौथी, प्रामाणिकपणा. प्रवासविषयक खास दवाखाने मोठ्या शहरांत आहेत आणि गुंतागुंतीच्या प्रवासात त्यांचा सल्ला मोलाचा ठरतो. परंतु चांगला डॉक्टर ‘ही लस आपणांस नको’ असेही सांगतो, आणि पीतज्वरासाठी आपण अधिकृत नसू तर योग्य केंद्राचा पत्ता देतो.

वेळेचे गणित

प्रवासाच्या सहा ते आठ आठवडे आधी या कामास लागावे. त्या पहिल्या आठवड्यातच जुनी कार्डे शोधावीत, देशाचे व संस्थेचे नियम पाहावेत आणि डॉक्टरांना भेटावे. पीतज्वराच्या केंद्रात त्याच वेळी नाव नोंदवावे. जिवंत विषाणूंच्या दोन लसी, उदाहरणार्थ पीतज्वर आणि एमएमआर, लागोपाठच्या दिवशी घेऊन चालत नाही. त्यांत सामान्यतः चार आठवड्यांचे अंतर ठेवतात. हा क्रम डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावा, म्हणजे एका केंद्रात काय दिले हे दुसऱ्याला कळते. वेळ थोडा उरला असला तरी निराश होऊन लस टाळू नये. जे शक्य आहे ते करावे.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी कोणी विद्येसाठी, कोणी पोटासाठी, कोणी धर्मकर्तव्यासाठी, तर कोणी जग पाहण्याच्या हौसेने सीमा ओलांडणार आहे. शासन केंद्रे नेमू शकते, शिबिरे भरवू शकते, विमानतळावर पहारा ठेवू शकते. परंतु देशाच्या आरोग्याचा खरा पहारेकरी स्वतः प्रवासीच असतो. योग्य जागी, योग्य वेळी घेतलेली लस त्याला तिकडे सुखरूप ठेवते आणि त्याच्या परतण्याने येथे कोणाला धोका होऊ देत नाही. आपण सर्वांनी घरी जाऊन प्रवासाची यादी पुन्हा हाती घ्यावी आणि लसीचे नाव तळाशी असेल तर ते सर्वांत वर लिहावे, एवढीच माझी विनंती आहे. आपला प्रवास सुखाचा होवो.